एम्. एस्सी.चा खर्च आणि रापणीचा वांटा

बी. ए., बी. एस्सी.चे निकाल लागले कीं आमच्या तोंडवलींतल्या चार-दोन घरांतून मास्तरांस बोलावणें येतें. या खेपेस तें एका रापणकऱ्याच्या घरून आलें. पडवींत चहा ठेवला, आणि बापानें जाळ्याची गांठ मारतां मारतांच विचारलें, "गुरुजी, चेडवाक पुढे शिकाचा आसा. पैसो खंयसून हाडू?"

मुलगी रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गांत पास झालेली. मुंबईस एम्. एस्सी. करण्याची तिची इच्छा. बापाच्या मनांत दोनच वाटा: माडांची बाग गहाण टाकून खासगी सावकाराचे पैसे काढावे, नाहीं तर "आतां पुरे" म्हणून लग्नाचें बघावें. आम्हांस या दोन्ही वाटा बुडवणाऱ्या दिसतात. गहाण पडलेली बाग सुटून आल्याचें आम्ही क्वचितच पाहिलें आहे. आणि "आतां पुरे" हें मुलाला सहसा कोणी म्हणत नाहीं, मुलीलाच म्हणतात.

पैशावांचून अडलेलें उच्च शिक्षण ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. ज्या रत्नागिरी जिल्ह्यांतून १९८१ सालीं आमचा सिंधुदुर्ग वेगळा निघाला, त्याच जिल्ह्यांतलें मंडणगड तालुक्यांतील आंबडवे हें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव. १९१३ सालीं सयाजीराव गायकवाडांनीं त्यांस तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. ती फुकट नव्हती. शिक्षणानंतर दहा वर्षें बडोद्याची चाकरी करण्याचा करार होता. कोलंबियांत एम्. ए. झाले, लंडनास गेले, आणि १९१७ सालीं मुदत संपल्यामुळें शिक्षण अर्धें टाकून परत यावें लागलें. पण विद्यापीठाकडून पुन्हां येण्याची परवानगी त्यांनीं आधींच घेऊन ठेविली होती! मग सिडनहॅम कॉलेजांत महिना ४५० रुपयांची प्रोफेसरी धरली, काटकसरीनें शिल्लक टाकली, शाहू छत्रपतींची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पांच हजार उसने घेतले आणि १९२० सालीं पुन्हां लंडन गांठलें. १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. राजाची शिष्यवृत्ती, स्वतःची कमाई, मित्राचें उसनें, असे ठिगळाला ठिगळ जोडून तें शिक्षण पुरें झालें. एकाच थैलींतून सगळा खर्च निघेल अशी वाट पाहत ते बसले नाहींत.

आज राजे नाहींत, पण सरकारी योजना आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजाच्या मुलांस मदत करतात. २०२४ च्या जुलैंत सरकारनें आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची शिकवणी फी माफ केली. मात्र तो हुकूम व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, साध्या एम्. एस्सी.स तो लागू धरून बसूं नये. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर हे कागद निकालानंतर नव्हे, आधींच काढावे. मुदत टळली कीं हुशारी कामास येत नाहीं. बँकेचें शिक्षणकर्ज चार लाखांपर्यंत जमीन गहाण न घेतां मिळतें; बापाची सही लागते, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभरानें सुरू होतात. व्याज मात्र मध्यंतरीं चालूच असतें, हें कोणी सांगत नाहीं म्हणून आम्ही सांगतों.

खरी अडचण निराळीच. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरां येतात, खानावळवाला मात्र महिन्याच्या महिन्याला मागतो. मुंबईंत फीपेक्षां राहणें-जेवणेंच भारी पडतें. पोर परत येतें तें या मधल्या चार-सहा महिन्यांत.

त्यासाठीं आमची सूचना आहे. रापण ओढली कीं मासळीचे वांटे पडतात. ओढणाऱ्याचा वांटा पडतो, जाळ्याचाही पडतो. जाळें कांहीं खात नाहीं, पण त्याचा वांटा नाकारावा असें कोणाच्या मनांत येत नाहीं. मग शिकणाऱ्या पोराचा एक वांटा कां नसावा? ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांनीं किनारा झाडून नेल्यापासून रापणींत पूर्वीचें कांहीं उरलें नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. तेव्हां सुतार, कुणबी, भंडारी, सगळ्याच घरांनीं हंगामास थोडें थोडें घालावें. मुंबईकर चाकरमान्यांनीं देवळाच्या रंगासाठीं पावती फाडतांना दुसरीही एक फाडावी. देव एक वर्ष जुन्या रंगांत राहिला तर रुसणार नाहीं. या निधींतून बिनव्याजी उसनें द्यावें, आणि पोर नोकरीस लागल्यावर तेंच पैसे मागच्या पोरासाठीं परत घ्यावे. हिशेब शाळेच्या फळ्यावर दर महिन्यास लिहावा. त्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाहीं, आणि ठेवूंही नये.

त्या मुलीचा अर्ज आम्ही भरून दिला आहे. बाग गहाण टाकण्याचें बापानें आठ दिवस थांबविलें आहे. पहिले पांच हजार आम्ही आमच्या पगारांतून वेगळे काढून ठेविले आहेत. येत्या रविवारीं शाळेच्या पडवींत बैठक आहे. रापणकऱ्यांनीं ओहोटीची वेळ पाहून यावें.