चाक मोठे, हवा थोडी

आपल्या धर्मापुरीत मोठ्या रिमची, पातळ टायरची एसयूव्ही आली की सारे पाहत राहतात. तुम्ही मात्र टायरवरचे आकडे वाचा. २६५/६५ आर १७ म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, रबरी भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १७ इंच. त्याजागी २६५/५० आर २० बसविल्यास चाकाची उंची जवळजवळ तेवढीच राहते. भिंत मात्र १३२ मिलिमीटर उरते. वळणावर ती कमी झुकते, हे खरे. पण हवेची ४० मिलिमीटर गादी गेली! खड्ड्यातला दणका थेट रिमला बसतो. पशुवैद्य डनलॉप यांनी १८८८ साली हवेचा टायर आणला, तो दणके सोसण्यासाठीच. ऐटीसाठी ती हवा घालविणे म्हणजे बैलगाडीच्या लोखंडी धावेकडे परत जाणे होय.