विखुरलेल्या बंगल्यांचे वीजबिल

भाटघरचे जलविद्युत केंद्र १६ मेगावॉटचे, पानशेतचे ८. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांनी जमिनी बुडवून बाहेरच्यांना पाणी दिले, वीजही. आता त्याच धरणांच्या काठी डोंगरउतार फोडून फार्महाऊसचे प्लॉट पडत आहेत. शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यासाठी रोहित्र बसवा, खांब रोवा, बोअरचे पाणी पंपाने टेकडीवर चढवा. मालक पुण्याहून मोटारीने येणार, ते वेगळेच. लांब वाहिनीत वीजगळती होते, ती कोणाच्या खात्यावर? गावठाणालगत, एसटीच्या रस्त्यावर वस्ती वाढली तर यातले बरेच वाचते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) निवासी पट्टे आखताना विजेचा हिशेब मांडावा आणि आडबाजूच्या प्लॉटधारकांकडून वाहिनीचा पूर्ण खर्च वसूल करावा.