गाण्यातले बाबा आणि लाउरी ऑर्गन

‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचे १९७१ सालचे ‘बाबा ओ'रायली’ हे गाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांतल्या फार थोड्यांना त्या नावातले ‘बाबा’ नगर जिल्ह्यातले आहेत हे माहीत असते. आणि ज्यांना ते माहीत असते, त्यांची जिज्ञासा बहुधा तेवढ्यावरच तृप्त होते. नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगाव आहे, तिथे मेहेराबाद आहे, तिथल्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे आणि या बँडचा गिटारवादक व गीतकार पीट टाउनशेंड १९७२ मध्ये तिच्या दर्शनाला येऊन गेला, एवढे सांगून झाले की सांगणारा आणि ऐकणारा दोघेही समाधानाने गप्प बसतात. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी हा अभिमान जुन्याच नावाने चालू आहे. त्यात गैर काही नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने याच्या पुढचा एक प्रश्न विचारायला हवा आणि तो सहसा विचारला जात नाही. या गाण्यात बाबा नेमके कुठे आहेत?

शब्दांत तर ते नाहीत. शेतात राबणारा एक माणूस, कुटुंबासह प्रवासाला निघण्याची हाक, उजाड झालेल्या तरुणाईचे एक चित्र, एवढाच गीताचा ऐवज आहे. त्यात गुरू नाही, नामस्मरण नाही, नगरही नाही. शीर्षकातले शब्दही गाण्यात कुठे उच्चारले जात नाहीत. गीत म्हणजे शब्द आणि चाल-वाद्ये म्हणजे त्यांवर चढवलेला अंगरखा, या आपल्या वर्गांतून मुरलेल्या समजुतीने हे गाणे वाचायला घेतले, तर वाचक रिकाम्या हाताने परततो आणि शीर्षक म्हणजे भक्ताची एक लहर, असे म्हणून मोकळा होतो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की शीर्षक लहरीचे नाही, नेमके आहे. बाबा या गाण्यात आहेत. ते वाद्यात आहेत. म्हणून वाद्यांविषयी बोलणे भाग आहे.

गाण्याच्या आरंभी, एकही शब्द येण्यापूर्वी, स्वरांचा एक थरथरता, अखंड पुनरावृत्त होणारा प्रवाह ऐकू येतो. अनेक वर्षे तो सिंथेसायझरचा म्हणून सांगितला गेला. वस्तुतः ते लाउरी कंपनीचे ‘बर्कशायर डिलक्स’ नावाचे ऑर्गन आहे. लाउरी ऑर्गने ही काही प्रयोगशाळेतली यंत्रे नव्हती. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत, हौशी माणसाला बोटे फारशी न चालवता वाजवता यावीत म्हणून बनवलेली ती घरगुती वाद्ये होती. या ऑर्गनमध्ये ‘मरिम्बा रिपीट’ नावाची एक सोय आहे. वादकाने स्वरसंघाच्या पट्ट्या नुसत्या दाबून धरायच्या. त्यांचे तुकडे करून ते तालात पुन्हा पुन्हा वाजवण्याचे काम यंत्र करते. म्हणजे आपण जो चपळ हात ऐकतो आहोत असे वाटते, तो हातच नाही. हात स्थिर आहे, हालते आहे ते यंत्र.

आता हे असे का, याकडे वळू. ‘टॉमी’ (१९६९) या रॉक ऑपेरानंतर टाउनशेंडने ‘लाइफहाउस’ नावाची एक महत्त्वाकांक्षी योजना आखली होती. तिच्या मुळाशी एक कल्पना होती: एखाद्या व्यक्तीची माहिती, तिचे शरीर, तिचा स्वभाव, यंत्रात भरावी आणि त्यातून त्या व्यक्तीचे असे संगीत निघावे. मेहेरबाबांविषयीची अशी माहिती भरून जे निघेल ते संगीत, आणि त्याची रीत टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराच्या पुनरावृत्तिप्रधान रचनांची. म्हणून ‘बाबा’ आणि ‘ओ'रायली’. योजना फसली. १९७१ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि तिच्यातली गाणी ‘हूज नेक्स्ट’ या ध्वनिमुद्रिकेत आली. माणूस यंत्रात भरून त्याचे संगीत काढण्याचे तंत्र तेव्हा हाती नव्हतेच. (२००७ मध्ये टाउनशेंडने इंटरनेटवर असा एक प्रयोग काही काळ चालवून पाहिला, तो वेगळा.) राहिला तो एक घरगुती ऑर्गन आणि त्याची दाबून धरलेली पट्टी. बाबांचे स्वरचित्र काढायला निघालेल्या माणसाच्या हाती शेवटी आले ते असे वाद्य, की ज्यात वादकाने जवळजवळ काहीच करायचे नाही. मला हा पराभव वाटत नाही. त्याचे कारण नगरातच आहे.

मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मेहेराबाद येथे मौन धारण केले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षे, ते सोडले नाही. पण मौन म्हणजे संवादाचा त्याग नव्हे. १९२७ पासून त्यांनी लिहिणेही थांबवले आणि ते एका अक्षरफलकावर बोट फिरवू लागले. बाबा अक्षर दाखवत, शेजारचा माणूस ते जोडून मोठ्याने वाचे. १९५४ मध्ये फलकही गेला आणि केवळ हातांच्या खुणा उरल्या. बाबांचा प्रत्येक शब्द असा दुसऱ्या कशाच्या तरी किंवा कुणाच्या तरी द्वारे लोकांपर्यंत पोचत असे. अक्षरफलक हेही एक वाद्यच म्हणायचे: बोट स्थिरपणे दाखवणार, आवाज दुसरीकडून येणार. टाउनशेंडने हे साम्य मनात धरून ऑर्गन निवडला, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही आणि समीक्षेला त्याची गरजही नाही. त्याची आणि बाबांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती. परंतु न बोलणाऱ्या गुरूच्या नावाचे गाणे न हालणाऱ्या हाताने सुरू होते, ही गोष्ट गाण्याच्या अर्थाबाहेर ठेवता येणार नाही.

आणि मग गिटार. टाउनशेंड म्हणजे गिटारी फोडणारा माणूस, अशी त्याची ख्याती. १९६४ मध्ये लंडनच्या हॅरो भागात एका ठेंगण्या छताला आपटून त्याची रिकनबॅकर मोडली; तिथून सुरू झालेल्या त्या कृत्याला त्याने पुढे कला महाविद्यालयात ऐकलेल्या गुस्ताव मेट्झगरच्या आत्मविनाशी कलेचा आधार दिला. १९६५ मध्ये जिम मार्शलकडून शंभर वॅटचे अँप्लिफायर बनवून घेणारांत तो आणि बेसवादक जॉन एंटविसल हे पहिल्यांपैकी होते. १९७६ मध्ये चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावरील कार्यक्रमात १२६ डेसिबल आवाजाची नोंद होऊन ‘द हू’चे नाव गिनीज बुकात गेले. पुढे श्रवणशक्तीला झालेल्या इजेविषयी टाउनशेंड जाहीरपणे बोलला आहे. मौनी बाबांचा शिष्य असा, हा विरोधाभास रंगवून सांगण्याचा मोह टाळणे कठीण आहे. मात्र या गाण्यातली गिटार तशी वागत नाही. ती उशिरा येते, ऑर्गन, पियानो, ड्रम्स आणि आवाज यांच्यानंतर. ‘हूज नेक्स्ट’च्या ध्वनिमुद्रणात त्याने जो वॉल्शने भेट दिलेली १९५९ची ग्रेच, फेंडर बँडमास्टर अँप्लिफायर आणि एडवर्ड्सचे व्हॉल्यूम पेडल वापरले, मंचावरच्या मार्शल-हायवॅटच्या भिंतींपुढे हा लहानसा, घरगुतीच सरंजाम. वाजवतो तेही ‘पॉवर कॉर्ड’, म्हणजे ज्यात गांधार गाळलेला आहे असा षड्ज-पंचमाचा जोड. वाढवून फाटलेल्या आवाजात गांधार गढूळ होतो, म्हणून तो गाळतात. कारण शुद्ध तांत्रिक आहे. पण उरते ते काय, तर तंबोऱ्याच्या तारांत असते तेच.

इथे ‘बघा, सगळे आपल्याकडूनच गेले’ अशी आरोळी अपेक्षित असते. ती देऊ नये. टेरी रायली हा किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला हे खरे, आणि किराणा म्हटले की मिरजेचे अब्दुल करीम खाँ आठवणारच. पण ते शिष्यत्व १९७० नंतरचे. टाउनशेंडने ऐकलेला रायली हा त्यापूर्वीचा, टेप-लूप आणि ऑर्गनचा. वारशाचा हक्क सांगण्यापेक्षा तुलना अधिक फलदायी ठरते.

तुलना मला दिसते ती वीण्याशी. नेवासे याच जिल्ह्यातले, ज्ञानेश्वरीचे गाव. या परिसरात अखंड हरिनाम सप्ताह ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वीणेकरी आठवेल. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नाही. पहारा बदलला की एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायचा. वीणेकऱ्याच्या हातून कौशल्याची अपेक्षा नसते. तो तारा छेडत उभा राहतो, बस्स. त्याचे काम वाजवणे नाही, थांबू न देणे हे आहे. लाउरी ऑर्गनचे कामही तेच आहे. फरक मोठा आहे, आणि वाद तिथेच आहे: वीणा थांबू नये म्हणून रात्री तीन वाजता एका माणसाला जागावे लागते, ऑर्गनला फक्त वीज लागते. ज्या पुनरावृत्तीत कुणी जागत नाही तिला साधना कसे म्हणावे? आक्षेप वजनदार आहे. पण तो घेणाऱ्याने आपल्या देवळांत आरतीच्या वेळी मोटारीवर चालणारा नगारा आणि घंटा आधी आठवावी. तिथे यंत्र माणसाची नक्कल करते, म्हणून ते केविलवाणे वाटते. ‘बाबा ओ'रायली’त यंत्र कुणाची नक्कल करत नाही. ते यंत्रासारखेच वाजते आणि त्याच्यासोबत कसे चालायचे, हे माणसांवर सोडते.

वाद्याची चर्चा ही दुकानदारांची, फार तर गिटार शिकणाऱ्या पोरांची, समीक्षकाची नव्हे, असे कुणी म्हणेल. त्याने पेटीचा इतिहास पाहावा. परदेशातून आलेली पेटी आपल्या नाटकांत आणि भजनांत मुरली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला प्रतिष्ठा दिली, तरी मींड आणि श्रुती तिला पेलत नाहीत म्हणून आकाशवाणीने तिला १९४० मध्ये बंदी घातली आणि ती उठायला १९७१ उजाडले. (योगायोग असा की लाउरी ऑर्गनचे सालही तेच.) ते भांडण पट्ट्यांचे नव्हते, गाणे म्हणजे काय याचे होते. आक्षेपातला एक भाग मात्र मान्य करतो. गिटारींचे नमुने, साली आणि अँप्लिफायरचे क्रमांक यांची यादी म्हणजे समीक्षा नव्हे. ती गोडी लागली की माणूस गाणे ऐकायचे विसरतो. कोणते वाद्य, याच्या पुढे जाऊन कोणता हात काय करतो आणि काय करत नाही, हे विचारले तरच उपयोग.

तो प्रश्न मंचावर फार ठळक होतो. कार्यक्रमात ऑर्गनचा भाग ध्वनिफितीवरून वाजवला जाई. फीत कुणासाठी थांबत नाही, वेग बदलत नाही. ड्रमवादक कीथ मून, ज्याच्या हातून एकही ठोका सरळ पडत नसे अशी ख्याती, तो या गाण्यापुरता कानांवर हेडफोन चढवी आणि त्या ऑर्गनच्या मागे मागे चाले.