लेथची मोटर पुन्हा पुन्हा जळते? भरायला देण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत लेथच्या पॅनलवरचा मीटर कसा वाचायचा ते दाखवलंय. तो का वाचायचा, ते इथे लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे. एकाच लेथची मोटर वर्षभरात दुसऱ्यांदा जळली, तर दोष मोटरमध्ये शोधत बसू नका. तो बहुतेक वेळा मोटरच्या आधी कुठेतरी असतो. तो शोधल्याशिवाय मोटर भरून घेणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं. आणि हे शोधण्याची जबाबदारी एकट्या वायरमनची नाही, मालकाची आहे.

गागोदे बुद्रुक म्हटलं की बाहेरच्यांना विनोबांचं जन्मगाव आठवतं. वर्कशॉपवाल्याला मात्र पेणपर्यंतचं अंतर आठवतं, कारण जळालेली मोटर गाडीत टाकून पेणला नाहीतर रोह्याला न्यावी लागते. भरून परत येईपर्यंत मशीन बंद. ज्याच्याकडे एकच लेथ आहे, त्याचा धंदाच बंद.

आता मोटर जळते कशी ते बघू. आपल्याकडे पावसाळ्यात लाइनवर फांदी पडते, जंपर तुटतो, डीपीवरचा एक फ्यूज उडतो. तीनपैकी एक फेज जातो. वर्कशॉपमधला दिवा मात्र चालू असतो, कारण तो दुसऱ्या फेजवर आहे. चालू असलेली मोटर थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजवर तेच काम ओढते आणि त्या तारांमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो. थोड्या वेळात वाइंडिंग काळं पडतं. मोटर बंद असताना फेज गेला असेल, तर बटण दाबल्यावर ती नुसती घूं-घूं करते, फिरत नाही.

इथे टेस्टर फसवतो. मोटर जोडलेली असताना गेलेल्या फेजच्या तारेवरही टेस्टर पेटू शकतो, कारण वाइंडिंगमधून उलटा करंट येतो. ‘टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे’ हे म्हणूनच चुकीचं. दोन-दोन फेजमधलं व्होल्टेज मोजलं तरच खरं कळतं.

दुसरं कारण छुपं असतं. समजा तीन रीडिंग आली 420, 405 आणि 390. ‘चारशेच्या आसपास आहे, ठीक आहे’ असं वाटतं. पण सरासरी 405 धरली तर फरक 15 व्होल्टचा, म्हणजे 3.7 टक्के. मोटरवाल्यांचा ठोकताळा असा, की फरकाच्या टक्क्यांचा वर्ग करायचा आणि दुप्पट करायची. तेवढे टक्के वाइंडिंगचं तापणं वाढतं. इथे ते 27 टक्क्यांच्या घरात जातं. मोटर त्या दिवशी जळत नाही, पण तिचं आयुष्य कमी होत राहतं.

आता या दोन्ही वेळी मोटर वाचवायला स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. आपण काय करतो? तो सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा नॉब फिरवून आकडा वाढवतो. काही ठिकाणी तर तो वगळून थेट तार जोडलेली असते, आणि किटकॅटमध्ये फ्यूजच्या जागी जाड तार. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार. मोटरच्या प्लेटवर 3.4 अँपिअर लिहिलं असेल तर साध्या डीओएल स्टार्टरचा रिले 3.4 वरच हवा, 6 वर नाही.

आणखी एक धोका. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि हजारो खांब आडवे झाले. अशी लाइन पुन्हा जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते. छोट्या लेथवर चक बऱ्याचदा आट्यांवर बसवलेलं असतं. मशीन झटक्यात उलटं सुरू झालं तर ते सुटून अंगावर येऊ शकतं. लाइनचं काम झाल्यावर पहिल्यांदा लेथ सुरू करताना जॉब काढा, समोरून बाजूला व्हा, बटण क्षणभर दाबून दिशा बघा.

शोध घ्यायचा क्रम नेहमी बाहेरून आत:

1. मेन स्विचवर तीन रीडिंग: आर-वाय, वाय-बी, बी-आर. मशीन बंद असताना आणि लोडवर चालू असताना, दोन्ही वेळा.
2. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही? मग आधी स्टार्टर बघा. रिले ट्रिप होऊन तसाच आहे का, इमर्जन्सी बटण दाबलेलं आहे का, कॉइल जळाली आहे का.
3. कॉन्टॅक्टर ओढतो पण मोटर घूं-घूं करते? कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळून एक फेज तिथेच अडकला असेल.
4. चालते, पण दहा मिनिटांनी ट्रिप होते? मेन बंद करून बेल्ट काढा आणि मोटर मोकळी चालवा. करंट एकदम खाली आला तर दोष विजेचा नसेलही. हेडस्टॉकचं बेअरिंग, तेल आणि बेल्टचा ताण बघा.
5. शेवटी मोटर. मेन बंद, तारा सोडलेल्या, 500 व्होल्टचा मेगर. एक मेगओहमच्या खाली रीडिंग असेल तर मोटर सुरू करायची नाही. पावसाळ्यानंतर बऱ्याचदा ती फक्त ओली असते. वाळवून पुन्हा मोजा, मग भरायचं ठरवा.

सिंगल फेज लेथ घूं-घूं करत असेल तर आधी कपॅसिटर आणि मोटरमधला सेंट्रिफ्युगल स्विच तपासून घ्या. चक हाताने फिरवून मशीन सुरू करायचं नाही. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, हे विसरू नका.

काही जण म्हणतील, ‘सर, विजेत मालकाने हात घालावा का?’ नाही. उघड्या पॅनलमध्ये मोजणं आणि मेगर लावणं हे परवानाधारक वायरमननेच करावं. पण रीडिंग वाचणं हे मालकाचं काम आहे. म्हणून पॅनलच्या दारावर तीन फेजचे व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा मीटर बसवून घ्या. दार न उघडता आकडे दिसतात. सोबत फेज जाणं, फेज उलटणं आणि व्होल्टेजमधला फरक, तिन्ही पकडणारा रिले आणि चांगलं अर्थिंग. वायरमनला फोन करताना ‘मोटर बंद पडली’ असं सांगण्यापेक्षा ‘वाय-बी 300 दाखवतंय’ असं सांगा. तो बरोबर सामान घेऊन येईल.

आता हिशेब. समजा तुमचा मशीन रेट तासाला 200 रुपये आहे आणि आठ तासांची पाळी. तीन दिवस मशीन बंद म्हणजे 4,800 रुपये गेले. त्यात मोटर भरण्याचा आणि गाडीचा खर्च. धाटाव एमआयडीसीतल्या पार्टीला दिलेली तारीख चुकली तर पुढचं काम दुसऱ्याकडे जातं, ते वेगळंच. तुमचे आकडे घालून बघा. संरक्षणाचं सामान तुम्हाला महाग वाटणार नाही.

उद्या एक काम करा. मोटरच्या प्लेटवरचे अँपिअर पॅनलच्या दारावर रंगाने मोठे लिहा. शेजारी वही टांगा आणि रोज सकाळी तीन व्होल्टेज, तीन करंट लिहा. महिनाभराने ती वही वायरमनसमोर ठेवा. पुढचं बोलणं अंदाजाने होणार नाही, आकड्यांवर होईल.