पोलाद सरकारचं, हात कंत्राटाचे

१५ जानेवारी २०२५. मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधानांच्या हस्ते एकाच दिवशी तीन नौका आरमारात गेल्या. सूरत, निलगिरी आणि वागशीर पाणबुडी. तिन्ही माझगाव डॉकनं बांधलेल्या. बँड वाजला, भाषणं झाली. युद्धनौका आल्या की एक शब्द हमखास येतो : रोजगार.

दोस्तांनो, हा शब्द जरा खरवडून बघू.

माझा बाप गोदीत होता. कुठल्या, ते सांगत नाही. वस्तीतली पोरं अजून तिथं पोट भरतात. जहाजाच्या टाकीत शिरून गंज खरवडायचा. कंत्राटदार बदलला की बाप नव्यानं कामावर. टाकी तीच, हातोडी तीच, नोकरी मात्र पहिल्या दिवसापासून. बावीस वर्षं माझा बाप 'नवा' होता.

युद्धनौकेचं गिऱ्हाईक एकच, सरकार. ऑर्डर आली की हात हवेत, संपली की हात जड होतात. माझगाव डॉक १९६० साली सरकारनं घेतलं. तिथं बांधलेली पहिली निलगिरी १९७२ ला आरमारात गेली. पाणबुड्यांसाठी माणसं जर्मनीत शिकून आली. १९९४ ला शंकुल झाली आणि काम थांबलं. पुढचा करार २००५ ला, पुढची पाणबुडी कलवरी २०१७ ला. मधल्या काळात शिकलेले हात पांगले. नौदलाचं नुकसान सगळे मोजतात. घरी बसलेल्या वेल्डरचं कोण मोजतं?

या चढउतारावर सरकारी तोडगा म्हणजे कंत्राट. इथंच आपली मान कापली जाते. कायम जागेला आरक्षण आहे, कंत्राटदाराच्या हजेरीवहीला नाही. घटनेला हात न लावता आरक्षण संपवता येतं, ते असं. त्यात २००१ साली सुप्रीम कोर्टानं 'सेल'च्या खटल्यात सांगून टाकलं : कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही.

गिरणीत आपल्या आज्यांना विणखात्यात घेत नव्हते. धागा तोंडानं ओढावा लागे, तो बाटेल म्हणून. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. पोलाद तर बाटत नाही ना? मग कायम खात्याचं दार आम्हालाच का बंद?

एक साथी म्हणतो, माणसं मारायची यंत्रं आपण का बांधावी? बरोबर बोलतोस गड्या. पण टाकीत उतरणाऱ्याला तू दुसरं काम दाखवलंस का? हेच हात मालाची जहाजं बांधतील, बोटी दुरुस्त करतील. दोन ऑर्डरींच्या मधे ते काम सरकारनं आणावं. बारमाही कामाला बारमाही माणूस ठेवावा. आणि कंत्राटाच्या हजेरीवहीलाही आरक्षण लावावं.

पैसा जनतेचा, जहाज जनतेचं. मग कामगारच तेवढा कंत्राटदाराचा कसा?

पुढची नौका पाण्यात सोडतील तेव्हा नारळ कुणी फोडला ते विचारू नका. आतला गंज कुणी खरवडला आणि उद्या त्याला गेटात घेणार का, एवढं विचारा. मोठ्यानं विचारा.