ताटाची रोजकीर्द

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे मी इतरांच्या खात्यांचे हिशेब जुळवले. स्वतःच्या ताटाचा हिशेब मात्र कधी मांडला नाही. निवृत्तीनंतर दोन्ही गुडघ्यांचे दुखणे वाढले. डॉक्टरांना न विचारता दोन वर्षे मी वेदनाशामक गोळ्या घेत राहिलो. मग रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले आढळले. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो, असे सांगून डॉक्टरांनी त्या तत्काळ बंद केल्या. दुखणे तसेच राहिले, आधार तेवढा गेला.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या आहाराची नोंद मागितली. मी काहीशा अभिमानानेच म्हणालो, "आम्ही शुद्ध शाकाहारी. त्यात दोष तो काय असणार?" नोंद पूर्ण झाली आणि अभिमान उतरला. दिवसाचे सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे रोजची सुमारे ६० ग्रॅम, महिन्याची जवळजवळ दोन किलो! शिवाय चहासोबत शेव-पापडी, आणि सणवार नसतानाही मिठाई. भाजी आणि फळे यांच्या रकाने बहुधा कोरेच.

डॉक्टरांनी मग कारण समजावले. पोटाभोवती साठलेली चरबी नुसती पडून राहत नाही. शरीरात दाह वाढवणारी द्रव्ये ती रक्तात सोडत असते. झिजलेल्या सांध्याचे दुखणे त्यामुळे वाढू शकते. त्यातच भाराचा प्रश्न. वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. इतके व्याज कोणत्याही ठेवीवर मिळत नाही.

आमच्या घरी फार मोठी क्रांती झाली नाही. चहा दोनच, तेही बिनसाखरेचे. तळलेले पदार्थ सणापुरते. ताटात ज्वारीची भाकरी, मूग, दुधी, दोडका. जवसाची चटणी आणि मूठभर अक्रोड. दहा महिन्यांत सहा किलो वजन उतरले. दुखणे पूर्ण गेले, असे मी म्हणणार नाही. पण जिन्याच्या कठड्याला धरल्यावाचून आता वर जाता येते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करतो. आहार हा औषधाला पर्याय नव्हे. सकाळी सांधे बराच वेळ आखडत असतील, किंवा सूज येत असेल, तर तो आमवातही असू शकतो. तेथे वैद्यकीय उपचार लांबवू नयेत. दुसरे असे, की हातापायांना मुंग्या येत असतील, तर 'बी-१२' जीवनसत्त्वाची तपासणी अवश्य करावी. शाकाहारी माणसांत त्याची कमतरता पुष्कळ आढळते. हळदीच्या महागड्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. भाजी-आमटीतली हळद पुरेशी आहे.

पेढीवर बसणाऱ्या बंधूंना एक विनंती. ग्राहकाचा चहा अवश्य मागवा, पण प्रत्येक वेळी स्वतःचा पेला भरू नका. भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याला आपल्याकडे ऊणोदरी तप म्हटले आहे. ते आत्मशुद्धीसाठी सांगितले असले, तरी त्याचा लाभ गुडघ्यांनाही होतो, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर उमगले. दुकानाची रोजकीर्द आपण रात्री न चुकता लिहितो. पंधरा दिवस तिच्याशेजारी ताटाचीही लिहून पाहावी.