बीडच्या डासांचे नमुने हवेत

बीड जिल्ह्यात तापाचे रुग्ण वाढले की आपण घरोघरी अळ्या शोधायला निघतो. रांजण, टिपाडं, सिमेंटच्या टाक्या, कूलर, गच्चीवर पडलेले टायर तपासून हाऊस इंडेक्स, कंटेनर इंडेक्स आणि ब्रेटो इंडेक्स काढतो. टेमीफॉस कुठे टाकायचं, गप्पी मासे कुठे सोडायचे आणि कोरडा दिवस कुठे जास्त कडक पाळायला लावायचा, हे त्यावरून ठरतं. टँकर आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या गावात पाणी साठवून ठेवल्यावाचून गत्यंतर नसतं, त्यामुळे हे काम कधी संपणारं नाही. पण या निर्देशांकांतून एडिस डासांची पैदास किती होते एवढंच कळतं. डासाच्या पोटात गेलेला विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोचणार का आणि किती दिवसांत पोचणार, हे अळ्या मोजून कळत नाही. ते बऱ्याच अंशी डासाच्या पेशींतल्या अगदी आखूड आरएनएंवर ठरतं. हा विषय प्रयोगशाळेपुरताच राहिला आहे, तो क्षेत्रीय कामात यायला हवा.

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका या तिन्ही विषाणूंचा जनुकसंच आरएनएचा असतो. विषाणू पेशीत स्वतःच्या प्रती काढू लागला की दुपदरी आरएनए तयार होतो आणि डासाच्या पेशीला तो परका असल्याचं ओळखू येतं. डायसर-2 हे विकर त्याचे 21 अक्षरी तुकडे करतं. त्यातला एक धागा आर्गोनॉट-2 या प्रथिनाला जोडला जातो आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए सापडेल तिथे हे प्रथिन तो कापून टाकतं. विषाणूही स्वस्थ बसत नाही. डेंग्यूच्या आरएनएचं एक टोक पेशीला पचत नाही आणि ते उरलेलं टोक या यंत्रणेच्या कामात अडथळा आणतं. 2009 साली एडिस इजिप्टायमध्ये ही यंत्रणा प्रयोगापुरती दुबळी केली, तेव्हा डेंग्यू-2 विषाणूचं प्रमाण वाढलं आणि डास संसर्ग पसरवण्याजोगा व्हायला लागणारे दिवस घटले. डेंग्यूत हा काळ साधारण 8 ते 12 दिवसांचा असतो. मादी डास जेमतेम काही आठवडे जगते, त्यामुळे यातला एकेक दिवस साथीच्या हिशेबात फार मोठा आहे.

याच यंत्रणेमुळे डास जिवंतही राहतो. डासातल्या या यंत्रणेला मोडणारं प्रथिन मुद्दाम बसवलेला सिंडबिस विषाणू टोचला, तेव्हा एरवी मजेत जगणारे एडिस मरू लागले. म्हणजे आखूड आरएनए विषाणूला पूर्ण संपवत नाहीत, आटोक्यात ठेवतात. आणि म्हणूनच एकदा बाधित झालेली मादी मरेपर्यंत घराघरांत चावत फिरू शकते. संसर्ग पसरवण्याची डासाची क्षमता या समतोलावर उभी आहे, असं माझं मत आहे.

या संशोधनाचं एक मूळ आपल्याच राज्यात आहे आणि ते आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी 1967 साली एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्टायच्या अळ्यांपासून पेशींच्या मालिका तयार केल्या. त्यातल्या अल्बोपिक्टसच्या पेशींपासून इगाराशी यांनी 1978 मध्ये सी6/36 ही मालिका निवडली. आज जगभर डेंग्यू-चिकुनगुन्याचे विषाणू वाढवायला ती वापरतात. विषाणू तिच्यात इतके जोमाने का वाढतात, याचं एक मोठं कारण 2010 च्या सुमारास पुढे आलं. या पेशींतलं डायसर-2 नादुरुस्त आहे, त्याच्या जनुकात बिघाड आहे. पुढे याच पेशींत पाय-आरएनए या जरा लांब, 24 ते 30 अक्षरी तुकड्यांचा दुसरा मार्ग स्पष्ट दिसला. एडिसच्या जनुकसंचात पूर्वीच्या विषाणूंचे अवशेष रुतून बसलेले असतात आणि त्यांच्यापासूनही असे तुकडे निघतात.

यातून आपण घ्यायचा धडा सरळ आहे. पेशीत मिळालेलं उत्तर जसंच्या तसं अख्ख्या डासाला लागू होत नाही आणि पिंजऱ्यात पिढ्यानपिढ्या वाढलेल्या डासाचं उत्तर धारूरच्या किंवा गेवराईच्या घरातल्या डासाला लागू होईलच असं नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 अंश सेल्सिअसला वाढवलेल्या एडिसमध्ये ही संरक्षणयंत्रणा 28 अंशांच्या तुलनेत दुबळी आढळली. थंडीत विषाणूची वाढही मंदावते, तेव्हा एकूण परिणाम काय होईल हे त्या-त्या ठिकाणचे डास तपासूनच ठरवावं लागेल. बीडमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि डिसेंबरच्या रात्री गारठ्याच्या. त्यातच दिवाळीच्या आगेमागे इथली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. विषाणूचा प्रवासही त्यांच्याबरोबर होऊ शकतो. 1973 साली चिकुनगुन्याने हैराण केलेली बार्शी मराठवाड्याच्या वेशीवरच आहे. तीन दशकांनी, 2006 मध्ये, तोच आजार मराठवाड्यात पुन्हा गावंच्या गावं आडवी करून गेला.

आरएनएच्या जोरावर डासमुक्तीची स्वप्नंही दाखवली जातात. 2006 साली डेंग्यू-2 ला दाद न देणारी एडिसची जात जनुकबदलातून तयार झाली, पण सतराव्या पिढीपर्यंत तिचा हा गुण गेला. अळ्यांना खाऊ घालायच्या यीस्टमधून घातक आरएनए देण्याचे प्रयोग आशादायक आहेत, तरी ते अजून आपल्या टाकीपर्यंत आलेले नाहीत. त्यांच्या भरवशावर एकही कोरडा दिवस चुकवू नये.

आज आपल्या हातात आहे ते प्रौढ डासांचं नीट संकलन. बाधित डासातले 21 अक्षरी तुकडे जुळवले की त्यात कोणता विषाणू होता हे वाचता येतं, आधी ठाऊक नसलेला विषाणूसुद्धा त्यातून सापडतो. आयजीएम चाचणी माणूस आजारी पडल्यावर काही दिवसांनी बोलते, डास त्याआधी बोलू शकतो. म्हणून रुग्ण सापडलेल्या घरात आणि शेजारच्या घरांत कीटक समाहारकांनी शोषणनळीने एडिस पकडावेत, नर-मादी वेगळे करावेत, गाव, तारीख आणि घरातली जागा लिहून ते लगेच बर्फावर किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात ठेवावेत. वाळलेला डास कापसात गुंडाळून पाठवून या कामी उपयोग नाही, आरएनए फार लवकर विघटित होतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाने मधला टप्पा सांभाळावा आणि पुण्याच्या संस्थेने हे नमुने नियमित स्वीकारावेत, अशी आमची दोन्ही संस्थांना जाहीर विनंती आहे. जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांनी येत्या हंगामासाठी शीतपेट्या आणि द्रावणाची मागणी आत्ताच नोंदवावी. ज्या तालुक्यांत हे संकलन सुरू होईल, तिथल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या अडचणी आणि नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. त्यांना या मासिकात जागा मिळेल.